'अपाला' हे नाव मुलीसाठी ठेवावे का? अर्थ, प्रचार आणि लेखन याबाबत सल्ला हवा आहे

फोंड्याची_मावळण
नमस्कार. माझ्या भावाला गेल्या आठवड्यात मुलगी झाली असून बारशाला आता अवघे पाच दिवस उरले आहेत. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणजे आमच्या बोलीत मावळणीचा, म्हणून ही जबाबदारी माझ्याकडे आली आहे. जन्म कृत्तिका नक्षत्राच्या पहिल्या चरणावर झाल्याने भटजींनी 'अ' हे अक्षर काढून दिले आहे. माझ्या अटी तीनच आहेत: नाव 'अ' या अक्षरानेच सुरू व्हावे, ते तीन अक्षरांहून मोठे नसावे आणि पुढे शाळेत त्याच नावाच्या आणखी चार मुली भेटू नयेत. बरीच शोधाशोध करून मी 'अपाला' या नावापाशी थांबले आहे. ते ऋग्वेदातील एका ऋषिकेचे नाव आहे एवढेच मला ठाऊक आहे. त्याचा नेमका अर्थ काय, आणि आपल्या ओळखीत या नावाची एखादी मुलगी आहे का?

डिचोलीकर
अभिनंदन. 'अनन्या' ठेवा. आमच्या कन्येचे हेच नाव आहे आणि आजवर कोणालाही ते दोनदा सांगावे लागलेले नाही. अनन्या म्हणजे जिच्यासारखी दुसरी कोणी नाही ती. तिच्या वर्गात आणखी दोन अनन्या आहेत हे खरे, परंतु पहिला क्रमांक आमचीच पटकावते.

निवृत्त_संस्कृत_शिक्षक
ताई, प्रश्न अर्थाचा असल्याने थोडे सविस्तर लिहितो. 'पाल' म्हणजे रक्षण करणारा, आणि त्याला नकारार्थी 'अ' लागला की कोशातील सरळ अर्थ होतो 'जिला रक्षणकर्ता नाही अशी'. अपाला ही अत्रिकुळातील कन्या. ऋग्वेदाच्या आठव्या मंडलातील ९१वे सूक्त तिच्या नावावर आहे. ते केवळ सात ऋचांचे आहे आणि तिचे नाव शेवटच्या ऋचेत येते. पाण्याकडे निघालेल्या या मुलीला वाटेत सोम सापडतो, घरी नेता नेता ती तो इंद्रासाठी काढते (परंपरा म्हणते की तिने तो दातांनीच चावून काढला) आणि प्रसन्न झालेल्या इंद्राजवळ ती तीन ठिकाणी काही उगवू दे असे मागणे मागते: वडिलांचे केस गेलेले डोके, त्यांचे शेत आणि तिचे स्वतःचे शरीर. पुढे इंद्र तिला रथाच्या, गाड्याच्या आणि जुवाच्या छिद्रांतून तीनदा ओढून काढतो आणि तिची कांती सूर्यासारखी करतो. तिला त्वचारोग होता आणि त्यामुळे पतीने तिला टाकले होते, ही सविस्तर कथा नंतरच्या भाष्यपरंपरेतील आहे. सूक्तात पतीला नकोशी झाल्याचा केवळ ओझरता उल्लेख आहे. चाळीस वर्षे शिकवले, परंतु माझ्या हजेरीपटावर हे नाव एकदाही आले नाही.

म्हापशाची_माय
गुरुजींनी एवढे सांगितल्यावर कोणी शहाणा माणूस हे नाव ठेवील का? रक्षणकर्ता नाही, नवऱ्याने टाकलेली, वर त्वचारोग! शिवाय नावात सरळ 'पाल' ऐकू येते, आणि भिंतीवरची पाल चुकचुकली तरी आमच्या सासूबाई निघालेले पाऊल मागे घेत असत. त्यापेक्षा माझ्या नातीचे 'लोपामुद्रा' हे नाव पाहा. तीही ऋषिकाच आहे, अगस्त्य ऋषींची पत्नी, आणि नाव ऐकल्याबरोबर लोक कौतुकाने माना डोलावतात.

फोंड्याची_मावळण
माई, लोपामुद्रा सुंदरच आहे, पण ते 'ल'वर आहे आणि त्यात चार अक्षरे आहेत.

म्हापशाची_माय
घरी 'मुद्रा' म्हणावे, म्हणजे दोनच होतात.

निवृत्त_संस्कृत_शिक्षक
पालीबद्दल एक खुलासा करतो. भिंतीवरची पाल संस्कृत 'पल्ली' या शब्दावरून आली आहे, तिचा रक्षण करणाऱ्या 'पाल'शी काही संबंध नाही. मात्र प्रामाणिकपणे हेही सांगायला हवे की भाष्यातील कथेनुसार अपालेच्या उतरलेल्या तीन त्वचांपैकी पहिलीचे साळिंदर झाले, दुसरीची घोरपड आणि तिसरीचा सरडा. त्यामुळे माईंचा आक्षेप व्युत्पत्तीने खोडला तरी कथा त्यांच्याच बाजूने साक्ष देते, याला माझा इलाज नाही.

कुळागरातला
अर्थ संस्कृतातूनच का पाहायचा? 'पाला' म्हणजे पाने, म्हणून अपाला म्हणजे पाने नसलेली. पार्वतीने तप करताना गळून पडलेली पानेही खाणे सोडले म्हणून तिला 'अपर्णा' म्हणू लागले, असे कालिदासाने 'कुमारसंभवा'च्या पाचव्या सर्गात सांगितले आहे. म्हणजे अपर्णेचा मराठी अनुवाद अपाला! गुरुजी रागावतील, पण मला तरी हे पटले. अर्थात तसे असेल तर सरळ अपर्णाच ठेवा. 'अ' आहे, तीन अक्षरे आहेत, आणि हल्लीच्या बालवाडीत अपर्णा शोधूनही सापडत नाही. ते आता मावश्यांच्या पिढीचे नाव झाले आहे.

साखळीची_ऋ
दुर्मीळ नावाच्या बाबतीत अनुभवाचे बोल सांगते. माझे नाव ऋतंभरा आहे. योगसूत्रांच्या समाधिपादातील ४८व्या सूत्रात सत्य धारण करणाऱ्या प्रज्ञेला हे विशेषण लावले आहे, आणि वडिलांनी ते फार हौसेने निवडले. आपण 'रु' म्हणतो, हिंदी भाषक 'रि' म्हणतात, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर मी एक आहे आणि पारपत्रावर दुसरी. त्या दोघी एकच आहेत हे पटवून देण्यासाठी मी आजवर किती शपथपत्रे केली, याची मोजदाद सोडून दिली आहे. तुमच्या 'अपाला'चे तर रोमन लिपीत हमखास 'आपला' होणार. 'आपला' नावाची मुलगी म्हणून वर्ग तिला किती छळील याचा विचार करा. तरीही कोणी माझे नाव बदलायला सांगितले, तर मी बदलणार नाही, हेही खरे.

काणकोणचा_जावई
ऋताताईंच्या म्हणण्याला पूर्ण अनुमोदन. आमच्या आजोबांचे नाव पोर्तुगीज काळातील नोंदीत 'श'च्या जागी एक्स आणि 'क'च्या जागी सी अशा थाटात लिहिलेले आहे. १९६१ नंतरच्या कागदांवर तेच नाव इंग्रजी वळणाने आले. वडिलोपार्जित जमिनीच्या कामासाठी एका कार्यालयात गेलो, तेव्हा ही दोन वेगळी माणसे असल्याचे आम्हालाच ऐकवण्यात आले. म्हणून सांगतो, अर्थापेक्षा लेखनाकडे लक्ष द्या. आमच्या मुलीचे नाव आम्ही मुद्दामच 'रिया' ठेवले.

फोंड्याची_मावळण
लेखनाचा मुद्दा मला खरोखर सुचला नव्हता. पण मग पाच दिवसांत हे सगळे कसे ठरवायचे? रुग्णालयातून नोंदणीसाठी नाव मागत आहेत.

पर्वरीचा_कारकून
घाई करू नका. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची खबर २१ दिवसांत द्यायची असते, परंतु त्या वेळी बाळाचे नाव दिलेच पाहिजे असे नाही. नावाविना नोंद करून घ्या. नाव १२ महिन्यांपर्यंत शुल्काशिवाय आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून १५ वर्षांपर्यंत नोंदवता येते. बारशाला ठेवलेले नाव महिनाभर घरात हाक मारून पाहा आणि मगच कागदावर आणा. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, पारपत्र, वाहन परवाना अशा कामांत जन्मदाखला हाच जन्माच्या तारखेचा आणि ठिकाणाचा आधार धरला जातो, म्हणून रोमन अक्षरे पहिल्याच वेळी विचारपूर्वक लिहा. मधल्या 'पा'साठी दोनदा 'ए' लिहिलात तर 'आपला' होण्याची भीती बरीच कमी होईल. एकदा नोंदलेले नाव पुढे बदलायचे झाल्यास गोव्यात त्यासाठी १९९०चा वेगळा कायदा आहे, पण त्या वाटेला जाण्याची वेळ न आलेलीच बरी.

डिचोलीकर
दोनदा 'ए' लिहिल्यास अंकशास्त्राप्रमाणे बेरीज बिघडू शकते. 'अनन्या'ची बेरीज उत्तम येते.

डोंगरीची_लेक
माझा आक्षेप लेखनाला नसून अर्थाला आहे. साताऱ्यात २०११ साली 'नकुशी' नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. मुलीच्या नावातच तिचे नकोसेपण कोरून ठेवण्याची चाल मोडायला इतके कष्ट पडले असताना, आपण वेदांतून शोधून 'जिला कोणी वाली नाही' असे नाव का आणावे? पर्यायच हवा असेल तर त्याच अत्रिकुळातील विश्ववारा आहे. पाचव्या मंडलातील २८वे सूक्त तिच्या नावावर आहे, आणि नावाच्या अर्थातही काही खुपण्यासारखे नाही.

निवृत्त_संस्कृत_शिक्षक
'विश्ववारा' उत्तम आहे, परंतु ताईंची 'अ'ची अट आपण सगळेच विसरत चाललो आहोत. माझेही मत मात्र अपालेच्या विरुद्धच पडते. सूक्त अभ्यासण्यासाठी ठीक आहे, पण लहान मुलीला हाक मारण्यासाठी 'अनघा' बरे.

फोंड्याची_मावळण
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री भाऊ आणि वहिनीला हा सगळा धागा मोठ्याने वाचून दाखवला. वहिनी त्वचारोगापाशी गप्प झाली, घोरपडीला हसली आणि तीन मागण्यांपाशी तिने मला थांबवून तो भाग पुन्हा वाचायला लावला. माझ्या भावाचे केस विशीतच गेले आहेत आणि गेल्या पावसाळ्यात आमच्या कुळागरातील निम्म्या सुपाऱ्या कोळे रोगाने गळाल्या. "मुलगी आल्या आल्या बापाच्या डोक्यासाठी आणि बागायतीसाठी मागणे मागणार असेल, तर हिला वाली कशाला हवा, हीच आमची वाली," असे वहिनी म्हणाली. भाऊ डोक्यावरून हात फिरवत बसला होता, त्याला मत विचारण्यात आले नाही. शनिवारी पाळण्यात अपालाच ठेवणार आहोत. नोंद तूर्त नावाविना करून घेतली आहे आणि दोनदा 'ए' लिहायचे हे नक्की केले आहे.

म्हापशाची_माय
ठेवा बापड्यांनो. घरी मात्र 'मुद्रा' म्हणा.