मदत हवी आहे: चंबा (हिमाचल), मुक्काम चंब्यातच करायचाय, डलहौसीत नाही

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन चंब्याला जायचं घाटतंय. हिमाचलातलं, रावीकाठचं जिल्ह्याचं गाव. उत्तराखंडात मसुरीच्या पुढे आहे ते चंबा नव्हे. (शोधायला गेलं की निम्मी माहिती त्याचीच येते, म्हणून आधीच सांगून ठेवते.)

अडचण अशी की ओळखीत जे कुणी चंबा 'करून' आलंय, ते प्रत्यक्षात डलहौसीला राहून आलंय. ट्रॅव्हलवाल्यांचा कार्यक्रम ठरलेला: डलहौसीत मुक्काम, खज्जियारच्या कुरणात फोटो, आणि वेळ उरलाच तर चंब्यात उतरून लक्ष्मीनारायणाला हात जोडायचे आणि अंधार पडायच्या आत परत. मला नेमकं उलटं करायचंय. डलहौसी इंग्रजांनी १८५४ मध्ये थंड हवेसाठी वसवली. चंबा दहाव्या शतकातलं. राजा साहिल वर्मनने भरमौरहून राजधानी इथे आणली आणि १९४८ मध्ये संस्थान हिमाचलात विलीन झालं तोवर ती इथेच होती. एवढं जुनं गाव दुपारच्या जेवणाआधी उरकायचं हे काही पटत नाही.

आतापर्यंत जमवलेली माहिती लिहिते, चूक असेल तिथे सांगा.

लक्ष्मीनारायणाच्या आवारात एका रांगेत सहा दगडी मंदिरं आहेत, तीन विष्णूची, तीन शिवाची. शिखरं आपल्या ओळखीची नागर घडणीची, पण वर लाकडी छत्र्या बसवलेल्या, बर्फ दगडावर साचू नये म्हणून. चौगान म्हणजे गावाच्या मधलं मोठं मैदान, त्याच्या टोकाला हरिरायचं मंदिर आहे. तिथली विष्णूची धातूची मूर्ती १९७१ मध्ये चोरीला गेली होती आणि सापडली कुठे, तर मुंबईत! भूरीसिंह संग्रहालय १९०८ चं. तिथे ताम्रपट, शारदा लिपीतले शिलालेख, पहाडी लघुचित्रं आणि जुन्या पाणवठ्यांवरचे कोरीव दगड आहेत. मेलेल्या माणसाच्या स्मरणार्थ झऱ्यावर असा दगड उभारायची तिकडे रीत होती. मधे पाण्याच्या धारेसाठी भोक आणि भोवती वरुण वगैरे देवता. मला सगळ्यात जास्त उत्सुकता या दगडांचीच आहे.

आईला मात्र रुमाल बघायचाय. ती आयुष्यभर भरतकाम करत आलीये, आणि चंब्याचा रुमाल दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो हे कळल्यापासून तिला दुसरं काही सुचत नाहीये. "गाठ कुठे लपवतात ते मला बघायचंय," एवढाच तिचा मुद्दा.

आता प्रश्न. चंब्यात चार रात्री जास्त होतील का? आईचे गुडघे दुखतात, सपाटीवर ती मस्त चालते पण पायऱ्या जपून. चामुंडा आणि सुई मातेच्या देवळांच्या पायऱ्यांचं काय करावं? भरमौर सकाळी जाऊन संध्याकाळी परत होतं का, की तिथे राहावं? आणि खरा रुमाल ओळखायचा कसा? साच पासची उंच खिंड, मणिमहेशची यात्रा हे काहीही डोक्यात नाही, तेव्हा ते कृपया सुचवू नका.

प्रतिसाद १

ऑक्टोबर उत्तम. पाऊस संपलेला असतो, आकाश स्वच्छ. चंबा हजारेक मीटरवर, दरीत आहे. लोक हिल स्टेशन समजून मे-जूनमध्ये जातात आणि उकडतं म्हणून कुरकुरतात. जुलैअखेरीला मिंजरची जत्रा असते, चौगान नुसतं फुललेलं असतं, पण तेव्हा दरडींचा हंगाम. तुमच्या आईंना घेऊन तेव्हा नकोच.

तिकीट काढताना लक्ष द्या, पठाणकोट जंक्शन आणि पठाणकोट कँट ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. कँटचं जुनं नाव चक्की बँक, रिक्षावाले अजून तेच म्हणतात. लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या कँटलाच थांबतात. तिथून चंबा साधारण १२० किलोमीटर, बनीखेतवरून. अंतर ऐकून फसू नका, बसने चार-पाच तास धरा. वळणं भरपूर, उलटीची गोळी निघायच्या आधीच घ्या, निम्म्या वाटेत घेऊन उपयोग नसतो.

प्रतिसाद २

ताई, माझा सूर जरा वेगळा. चार रात्री चंब्यात राहा, पण खज्जियारवर फुली मारू नका. चंब्यापासून ते पंचवीस किलोमीटरच्या आत आहे. सकाळी लवकर निघालात तर डलहौसीच्या गाड्या यायच्या आत पोचता. आणि कुरणासाठी नाही म्हणत मी, काठावरच्या खज्जी नागाच्या देवळासाठी म्हणतोय. आत लाकडात कोरलेल्या पांडवांच्या मूर्ती आहेत. समोर मोठाल्या फुग्यांत शिरून लोक कुरणात लोळत असतात आणि देवळात अनेकदा चिटपाखरू नसतं.

संग्रहालय सोमवारी बंद असतं. त्या हिशेबाने वार ठरवा.

प्रतिसाद ३

रुमालाबद्दल लिहिते, माझा आवडता विषय. आईंना आधी संग्रहालयातले जुने रुमाल दाखवा, मगच खरेदीला न्या. डोळा तयार झाला की बाजारातलं अर्धं आपोआप बाद होतं.

पूर्वी दरबारातले चित्रकार कोळशाने कापडावर रेखाटन करून देत, रासमंडल, कृष्ण-रुक्मिणीचं लग्न, शिकार असं काहीतरी, आणि बायका ते भरत. म्हणून त्यातली माणसं लघुचित्रातल्यासारखी दिसतात. धागा रेशमाचा, पीळ न दिलेला, त्यामुळे टाका कापडावर सपाट बसतो आणि उजेडात वेगळाच चमकतो. भरताना सुई कापडाच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी आकृती भरत जाते. गाठ मारतच नाहीत, धाग्याचं टोक भरलेल्या टाक्यांखालीच सरकवून टाकतात. आईंना हे सांगू नका, त्यांनाच शोधू द्या!

घेताना रुमाल उलटा करा. मागे गाठी, लोंबते धागे किंवा एका आकृतीवरून दुसरीवर उडी मारलेला धागा दिसला तर तो रुमाल नाही, नुसतं भरतकाम आहे. विकणाऱ्याने उलटू दिला नाही तर तिथून निघा. रंगमहालात हस्तकला केंद्र आहे, तिथून सुरुवात करा. या कामासाठी ललिता वकील यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यानंतर गावात चौकशी करणाऱ्यांना लोक जास्त आपुलकीने सांगतात असा माझा अनुभव. मोठा, बारकाव्याचा रुमाल पुरा व्हायला महिनोन्महिने लागतात, त्यामुळे किमतीत फार घासाघीस करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद ४

भरमौर एका दिवसात होतं, पण करू नका. अंतर साठेक किलोमीटरच आहे, मात्र रस्ता रावीच्या वरून कड्यात कोरलेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये मणिमहेश यात्रेच्या वेळी पावसाने तो जागोजागी तुटला होता आणि हजारो यात्रेकरू वर अडकले होते. निघायच्या आदल्या दिवशी चंब्याच्या बसस्टँडवर ड्रायव्हरांना विचारा, त्यांच्यासारखी ताजी माहिती कुठल्याच ॲपवर मिळत नाही.

एक रात्र राहिलात तर चौरासीच्या, म्हणजे तिथल्या जुन्या देवळांच्या, आवारात संध्याकाळी निवांत बसता येतं. लक्षणा देवीचं देऊळ बाहेरून साधं, उतरतं छप्पर, कुणी घर समजून पुढे जाईल. दाराशी जाऊन उभे राहा. लाकडावरचं कोरीवकाम तेराशे वर्षांच्या आसपासचं आहे. आतल्या मूर्तीच्या बैठकीवर राजा मेरुवर्मनच्या बरोबरीने कारागिराचंही नाव कोरलंय, गुग्गा. आपल्याकडे इतक्या जुन्या मूर्तिकारांची नावं सहसा हाती लागत नाहीत. उंची एकवीसशे मीटरच्या आसपास, ऑक्टोबरात रात्री चांगलंच गारठतं.

पायऱ्यांबद्दल: चामुंडेला वरपर्यंत गाडीरस्ता आहे, आईंना गाडीने न्या. तिथून चौगान, रावी आणि स्लेटची छपरं असं सगळं गाव एका नजरेत येतं. सुई मातेच्या पायऱ्या चढच्या आहेत. गावाला पाणी मिळावं म्हणून राणीने स्वतःला जिवंत पुरून घेतलं अशी तिची कथा. चैत्रातली तिची जत्रा बायका आणि मुलांचीच असते. पायऱ्या जमल्या तर जा, नाही तर खालूनच नमस्कार.

धागाकर्ती

मनापासून आभार, एवढं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं.

आता असं ठरवतेय: पठाणकोटहून बस न करता गाडीच करते, आईला मधे उतरता येईल. चंब्यात तीन रात्री, भरमौरला एक, मग चंब्यात परत येऊन शेवटची रात्र. संग्रहालय पहिल्याच दिवशी, रुमालखरेदी शेवटच्या दिवशी, म्हणजे डोळा तयार व्हायला वेळ मिळेल. खज्जियार एका सकाळी, फक्त देवळासाठी. (फुग्यांचं ऐकून आई म्हणाली, "मीही लोळेन," तेव्हा बघू.) गाठीचं गुपित मी तिला सांगितलेलं नाही.

प्रतिसाद ४, तुम्हाला अजून दोन प्रश्न. भरमौरला गाडी चौरासीच्या अगदी जवळ जाते का, की बाजारातून चढ चालावा लागतो? आणि यात्रेचा हंगाम संपल्यावर ऑक्टोबरात तिथली राहण्याची ठिकाणं उघडी असतात, की आधी फोन करून खात्री करावी लागेल?