नवीन केबल मोडेम + नवीन राऊटर: लॅपटॉपला नेट येतं, राऊटरला येतच नाही!

खटपट्या:
नमस्कार मंडळी, न्यू जर्सीत असतो, घरी केबलचं नेट आहे, फायबर आमच्या गल्लीत अजून आलेलं नाही. सहा वर्षं कंपनीचाच मोडेम भाड्याने वापरला, महिन्याला १५ डॉलर, शेवटी बायकोने हिशोब मांडून दाखवला की एवढ्यात पाच-सहा मोडेम आले असते. मग शनिवारी स्वतःचा डॉक्सिस ३.१ (केबल नेटचं नवं मानक) मोडेम आणि वेगळा वायफाय राऊटर असं दोन्ही घेऊन आलो.

जुना काढून नवीन मोडेम त्याच कोॲक्स (केबल टीव्हीच्या जाड) वायरला लावला, कंपनीच्या ॲपमध्ये मोडेमच्या बुडावरच्या स्टिकरचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा ओळख क्रमांक) टाकला, वीसेक मिनिटं दिवे लुकलुकले आणि मग ऑनलाईनचा दिवा स्थिर झाला. खात्री करावी म्हणून आधी लॅपटॉप थेट मोडेमला लावला, झकास स्पीड. म्हटलं झालं काम, तीच वायर काढून राऊटरच्या वॅन पोर्टात (बाहेरून नेट घेतो त्या) घातली तर नेट गायब. राऊटरच्या पानावर वॅन आयपी ०.०.०.०, म्हणजे पत्ताच मिळालेला नाही. परत लॅपटॉप लावला की चालू! वायर बदलली, राऊटर दुकानात जाऊन बदलून आणला, तरी तेच. कस्टमर केअरला ४० मिनिटं गाणं ऐकत थांबलो तर म्हणे आमच्याकडून सिग्नल ओके आहे, राऊटर तुमचा आहे, तुम्ही बघा. आई आलीये पुण्याहून, तिला मालिका बघायला फोनचा हॉटस्पॉट देतोय आणि माझा डेटा संपत आलाय. कुणाला काही सुचतंय का?

मिरची_भजी:
बंद करून चालू केलं का? हसू नका, खरंच विचारतेय.

खटपट्या:
अहो दहा वेळा केला राऊटर बंद-चालू.

मिरची_भजी:
आणि मोडेम?

खटपट्या:
मोडेमला कशाला, तो तर चालतोय ना.

कोपऱ्यातला_राऊटर:
भजीताईंनी नेमक्या जागी बोट ठेवलंय. दोन्ही राऊटर चांगलेच होते, दुकानात हेलपाटा उगाच घातलास. मोडेम सुरू झाला की कंपनीकडून एक कॉन्फिग (सेटिंगची) फाईल उतरवून घेतो, त्यात तुझ्या प्लॅनचा स्पीड असतो तसंच मोडेममागे किती यंत्रांना नेट द्यायचं तेही असतं, घरगुती कनेक्शनला बहुतेक वेळा एकच. मग इथरनेटला (वायरीच्या पोर्टाला) जे यंत्र पहिल्यांदा बोलेल त्याचा मॅक तो लक्षात ठेवतो आणि जागा भरली म्हणून दुसऱ्याला दारातच उभं ठेवतो. तू आधी लॅपटॉप लावलास ना, ती जागा लॅपटॉपने रुमाल टाकून धरली. एसटीतला रुमाल कंडक्टरला उचलता येतो, हा मोडेम बंद केल्याशिवाय उचलला जात नाही. म्हणून लॅपटॉप लावला की चालू, राऊटर लावला की शून्य.

आता असं कर. मोडेमचा प्लग भिंतीतून काढ. त्याला फोनची सोय असेल तर आत बॅटरी असू शकते, मग प्लग काढूनही तो जिवंतच राहतो, दिवे पूर्ण विझलेत ना ते बघ, नसतील तर बॅटरीही काढ. लॅपटॉपची वायर काढून राऊटरची लाव, राऊटर बंदच ठेव. एक-दोन मिनिटांनी फक्त मोडेम चालू कर आणि ऑनलाईनचा दिवा स्थिर होईपर्यंत हात लावू नकोस, मगच राऊटर चालू कर. आणि मागचं टाचणीवालं रीसेटचं बटण दाबू नकोस, त्याची इथे काही गरज नाही.

आता आलेला आयपी १६९.२५४ ने सुरू होणारा असेल तर समज की डीएचसीपीकडून (आयपी वाटणाऱ्या सर्व्हरकडून) उत्तरच आलेलं नाही, तो आकडा यंत्राने स्वतःच लावून घेतलेला असतो. आणि कुठलीही साईट उघडली तरी कंपनीचंच ॲक्टिव्हेशनचं पान येत असेल तर मॅक टाकताना ८ चा बी झालाय का बघ. स्टिकरवर दोन-तीन मॅक छापलेले असतात, कंपनीला केबल मोडेमवाला द्यायचा असतो, इथरनेटचा नाही.

ठाणे_ते_कळवा:
हे वाचून जुने दिवस आठवले. आमच्याकडे केबलवाल्याचं नेट होतं तेव्हा पीसीचा मॅक त्याच्याकडे नोंदवलेला असायचा, राऊटर घेतला की त्याला फोन करा, तो म्हणणार संध्याकाळी करतो, ती संध्याकाळ चार दिवसांनी यायची. मग एका मित्राने राऊटरमधलं मॅक क्लोनचं बटण दाखवलं, राऊटर पीसीचाच मॅक सांगायचा आणि केबलवाल्याला पत्ताही नाही. फरक एवढाच की आमची अडवणूक त्याच्या सर्व्हरवर होती, मोडेम कितीही बंद-चालू करून सुटली नसती. क्लोन केलंत तर तुमचंही चालेल बहुतेक, पण रीस्टार्टने सुटत असेल तर कशाला.

खटपट्या:
मंडळी, चाललं!!! चार मिनिटांचं काम आणि मी दोन दिवस डोकं फोडत होतो. भजीताई, तुम्हाला एक प्लेट भजी लागू.

पण आता वेगळंच. दिवसभर ठीक असतं आणि रात्री नऊच्या सुमारास दोन-तीन मिनिटं जातं, आपोआप परत येतं. मोडेमच्या लॉगमध्ये टी३ टाईमआऊट असं ओळीने लिहिलंय. जुन्या मोडेमला असं नव्हतं होत, की होत होतं आणि आम्हीच कंपनीला शिव्या देत होतो कोण जाणे.

कोपऱ्यातला_राऊटर:
टी३ म्हणजे मोडेमने कंपनीच्या यंत्राला हाक मारली आणि ओ आली नाही. ब्राऊजरमध्ये १९२.१६८.१००.१ टाक, मोडेमचं पान उघडेल, बऱ्याच मोडेमना राऊटरमधूनही उघडतं. त्यातले डाऊनस्ट्रीम (येणाऱ्या सिग्नलची) पॉवर, एसएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल) आणि अपस्ट्रीम (जाणाऱ्या सिग्नलची) पॉवर इथे टाक.

खटपट्या:
डाऊनस्ट्रीम उणे ११ च्या आसपास, एसएनआर ३४, अपस्ट्रीम ५१.

कोपऱ्यातला_राऊटर:
मग बरोबर. डाऊनस्ट्रीम साधारण उणे ७ ते अधिक ७ मध्ये असलेला बरा, तुझा दबलेला आहे. आणि अपस्ट्रीम ५१ म्हणजे तुझा मोडेम बेंबीच्या देठापासून ओरडतोय, त्याच्यापुढे त्याला आवाज वाढवायला जागाच नाही, जरा गोंगाट वाढला की हाक पोचत नाही. येणारं कमी आणि जाणारं जास्त, दोन्ही एकदम, म्हणजे मधे काहीतरी सिग्नल खातंय. घरात टीव्हीच्या वेळचा स्प्लिटर (एका वायरीच्या अनेक वायरी करणारा डबा) आहे का? दोन तोंडांचा साडेतीन डीबी (सिग्नलचं माप) खातो, चार तोंडांचा सातच्या आसपास.

खटपट्या:
आत्ता बेसमेंटमधून वर आलो. वॉटर हीटरच्या मागे चार तोंडांचा स्प्लिटर, आधीच्या मालकाचा असणार, एका तोंडाला आमची वायर आणि बाकीची तीन उघडी, वर कोळ्याचं जाळं. आमच्याकडे केबल टीव्ही कधीच नव्हता! स्प्लिटर काढला, दुकानातून एक जोड आणून दोन्ही वायरी सरळ जोडल्या. एका कनेक्टरचे आटे अर्धेच चढले होते, हाताने घट्ट केले आणि पान्याने अगदी जरासा फिरवला. आता डाऊनस्ट्रीम उणे ४, अपस्ट्रीम ४४. काल रात्री आईची मालिका एकदाही अडकली नाही, मधल्या जाहिरातींसकट.

मिरची_भजी:
आणि जुना मोडेम परत करताना पावती घ्या, ॲडॉप्टरसकट द्या. आम्ही नुसता काउंटरवर ठेवून आलो होतो, पुढच्या महिन्याच्या बिलात मोडेमची पूर्ण किंमत लावून आली.

खटपट्या:
बाप रे. तो अजून गाडीच्या डिकीत पडलाय, ॲडॉप्टर कुठल्या खोक्यात गेलं ते बघतो.