नक्षी शाबूत, पण टायर नऊ वर्षांचे. बदलू का?

स्प्लेंडर_२०११

राजेंद्र नगर, इंदूरहून लिहिते आहे. घरी बाबांची २०११ ची स्प्लेंडर आहे. बाबा २०२१ मध्ये गेले, तेव्हापासून ती पोर्चमध्ये मधल्या स्टँडवर उभी होती. भाऊ दर रविवारी इंजिन सुरू करायचा, त्यामुळे इंजिन ठणठणीत आहे, पण चाकं चार वर्षं फिरलीच नाहीत. मे महिन्यात मला सिमरोलच्या एका कॉलेजात, प्रयोगशाळेत नोकरी लागली. बॅटरी, ऑइल, ब्रेक शू सगळं नवीन घातलं आणि आता मी तीच गाडी नेते. तेजाजी नगर चौकातून खंडवा रोड धरायचा. एका बाजूने वीसेक किलोमीटर होतात.

दोन्ही टायर बाबांनी बसवलेले आहेत. बाजूला ३११६ असा आकडा आहे, म्हणजे ते २०१६ च्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेले. या गाडीसाठी बाबांनी करून घेतलेलं शेवटचं मोठं काम ते हेच. पुढे त्यांचं फिरणं कमी झालं, म्हणून टायर घासलेच नाहीत. प्रयोगशाळेतल्या व्हर्निअरने खाचांची खोली मोजली: मागे ४.६ मि.मी., पुढे ३.९. कायद्याने दुचाकीला किमान ०.८ लागते, म्हणजे अजून पुष्कळ शिल्लक आहे.

तरी विचारते आहे, कारण मागच्या आठवड्यात पावसात तेजाजी नगरच्या अलीकडे पुढची ऑटो एकदम थांबली. मी मागचा ब्रेक दाबला आणि मागचं चाक डावीकडे निघून गेलं. वेग तीसच्या वर नव्हता. पाय टेकून सावरले, पडले नाही. पण रात्रभर तेच डोळ्यांपुढे येत राहिलं.

आमच्या गल्लीतला मेकॅनिक म्हणतो, "दीदी, टायर तो नया पड़ा है, दो साल मत देखो." दुसऱ्याने वाकून बघितलं आणि दोन्ही काढा म्हणाला. टायर, ट्यूब, मजुरी धरून साडेतीन हजार सांगितले. पैशाची अडचण नाही. बाबांनी घातलेली, अजून चांगली दिसणारी वस्तू काढायला हात धजत नाही. कुणी नीट कारण सांगितलं तर उद्याच काढेन.

मांडू_रविवार

ताई, आधी दोन गोष्टी बघा. टायर कडेने दाबून वाकवा आणि खाचांच्या तळाशी बारीक भेगा दिसतात का ते पहा. दोन खाचांमधल्या वर उठलेल्या रबराच्या गुटक्यावर पाहू नका, तिथे भेग उशिरा येते. मग अंगठ्याचं नख रबरात रुतवून बघा. नवीन टायरमध्ये नख थोडं रुततं आणि खूण हळूहळू भरून येते.

नक्षीचं काम चाकाखालचं पाणी बाहेर काढायचं. रस्ता धरून ठेवतं ते रबर. डांबराच्या खडीची बारीक टोकं असतात, मऊ रबर त्यांच्यात बसतं आणि म्हणून चाक धरून राहतं. रबर कडक झालं की ते टोकांवरून नुसतं सरकतं. कोरड्यात हे फारसं कळत नाही, ओल्यात लगेच कळतं. तुमच्या व्हर्निअरने खोली मोजली, कडकपणा मोजला नाही.

आणि उभी गाडी म्हणजे टायर जपला असं नसतं. रबरात मेण आणि हवेतल्या ओझोन वायूपासून वाचवणारी द्रव्यं मिसळलेली असतात. चाक फिरताना टायर सतत दबतो, उठतो, त्या हालचालीने ती द्रव्यं पृष्ठभागावर येत राहतात. चार वर्षं न फिरलेल्या टायरला ते पांघरूण मिळालेलंच नाही. तुमच्या पोर्चमध्ये ऊन येतं का? ज्या बाजूला येत असेल तिकडे भेगा जास्त सापडतील.

मिशेलिन कंपनीचा सल्ला असा आहे की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून टायर तपासून घ्या आणि बनवल्यापासून दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, बदला. तुमचे नऊ वर्षांचे, त्यातली चार एका जागी उभे. मी असतो तर थांबलो नसतो.

टिळकनगरकर

मला वाटतं घाई होते आहे. कडेच्या बारीक भेगा आमच्याकडे सगळ्यांच्याच टायरला येतात, मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत गाडी बाहेर उभी असते. पहिल्या पावसात रस्त्यावर तेल आणि धूळ मिळून जी चिकट राड होते, त्यात नवा टायरही घसरतो. शिवाय ताईंनी फक्त मागचा ब्रेक दाबला, ड्रम ब्रेकवर चाक लॉक झालं असणार. हवा बरोबर ठेवा आणि दोन्ही ब्रेक एकत्र दाबायची सवय करा. बदलायचाच असेल तर आत्ता मागचा बदला. पुढचा तर घसरला नाही ना, तो पुढच्या वर्षी बघता येईल.

जुना_फिटर

बेटा, मी वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढली, आता घरी असतो. वरच्या भाऊंचं ब्रेकचं म्हणणं बरोबर आहे, ती सवय जरूर कर. पण पुढचा टायर वर्षभर ठेवायला मी सांगणार नाही. ब्रेक दाबला की वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक घसरलं तर तू सावरलीस. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही, हँडल हातातून जातं. दोन्ही टायर एकाच वयाचे, एकाच पोर्चमधले. एक म्हातारा आणि दुसरा तरुण असं होत नाही.

आता जे कुणी सांगत नाही ते सांगतो. तुझी गाडी स्पोकची आहे, टायरच्या आत ट्यूब आहे. ट्यूबसुद्धा नऊ वर्षांची. उभ्या गाडीत हवा कमी होत जाते, ट्यूबला घड्या पडतात, ती टायरला आतून चिकटते. मग एक दिवस पंक्चर न होता ती घडीवरच फाटते आणि हवा एका क्षणात जाते. खंडवा रोडला मागून डंपर येत असतात. म्हणून जुनी ट्यूब परत घालू देऊ नकोस. रिमच्या आत स्पोकवरून एक रबरी पट्टी असते, तीही नवी घाल. टायर उतरला की रिमला गंज किती आहे तो स्वतः बघ, गंजाची खवली ट्यूब कापते. घासून साफ करायला लाव. ट्यूबलेस टायर स्वस्तात देतो म्हणाले तरी ट्यूबशिवाय बसवू नकोस, स्पोकच्या भोकांतून हवा निघते.

दुकानात टायर हातात घेऊन आधी चार आकडे वाच. दुकानात तीन-तीन वर्षं पडलेला माल मी पाहिला आहे. या किंवा गेल्या वर्षीचा माग, नसेल तर दुसरं दुकान बघ, सियागंजला कमी दुकानं नाहीत. पुढे रेघांचा टायर, मागे गुटक्यांचा. अदलाबदल नको. बाणाची दिशा बघ. नव्या टायरचं वरचं कातडं गुळगुळीत असतं, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर जोराने ब्रेक मारू नकोस, वळणावर झुकवू नकोस.

आणखी एक. २०११ ची गाडी, पुढच्या वर्षी पंधरा वर्षं पूर्ण होतात. नोंदणी वाढवताना आरटीओ गाडी तपासतात, तेव्हाही हे टायर आडवे येतील.

स्प्लेंडर_२०११

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं वाचून रविवारी सकाळीच काम केलं.

आधी नख रुतवून पाहिलं. अजिबात रुतलं नाही, टेबलाच्या कडेवर दाबल्यासारखं वाटलं. पोर्चमध्ये दुपारचं ऊन डाव्या बाजूने येतं. मागच्या टायरच्या डाव्या कडेला खाचांच्या तळाशी ओळीने भेगा होत्या, उजवीकडे जवळजवळ नाहीत. मांडूवाले दादा, तुम्ही न बघता सांगितलंत.

टायर उतरवल्यावर मागची ट्यूब दोन ठिकाणी आतून चिकटलेली होती, ओढली तशी पांढऱ्या घडीवर फाटली. रबरी पट्टीचे तुकडे हातात आले. पुढच्या रिमला गंज होता, तो घासून घेतला. पहिल्या दुकानातला टायर तीन वर्षांपूर्वीचा निघाला, तो नाही घेतला. दुसरीकडे याच वर्षीच्या दहाव्या आणि बाराव्या आठवड्याचे मिळाले. टिळकनगरवाले दादा, दोन्ही ब्रेक एकत्र दाबायचा सराव रोज संध्याकाळी आमच्या मैदानात करते आहे, त्याचा फरक वेगळा जाणवतो.

जुने टायर दुकानदाराने बाजूला ठेवले. म्हणाला, "नक्षी चांगली आहे, कुणीतरी घेऊन जाईल." कुणीतरी म्हणजे दूधवाला, शाळेत मुलं सोडणारा, कुणीही. मी पैसे देऊन झाल्यावर त्याच्याकडून करवत मागितली. आतली तार जाड असते, माझ्याने कापवली नाही, म्हणून त्याच्या पोऱ्याने दोन्ही टायर आडवे कापून दिले. ३११६ लिहिलेला तेवढा तुकडा मी घरी आणला आहे.