प्रतिसाद: सुधीर पटवर्धनांची माणसं अलिप्त आहेत का?

चित्रकार सुधीर पटवर्धनांची डॉक्टरकी त्यांच्या चित्रांत उतरली आणि त्यामुळे माणसं अलिप्त, तपासणीच्या टेबलावरची वाटतात, हे या चर्चेत वर मांडलेलं मत मला अजिबात पटत नाही. पुण्याच्या एएफएमसीतून (सैन्यदलांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून) बाहेर पडून ते मुंबईला आले आणि २००५ पर्यंत ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत राहिले. म्हणजे 'इराणी रेस्टॉरंट' (१९७७), 'ट्रेन' (१९८०), 'टाऊन' (१९८४) ही तैलचित्रं नोकरी सांभाळून झालेली. शरीराचं वजन त्यांना नेमकं कळतं, हे खरं. खांदे कसे उतरतात, दिवसभर राबलेला माणूस बसतो कसा! पण ते वजन आपुलकीने रंगवलेलं आहे. त्या माणसांना कीव नको, आपली जागा हवी, असंच ती चित्रं बघताना वाटत राहतं.

'पोखरण' (१९८९) जरूर बघा. ठाण्याचा तो पोखरण रोड एका ठिकाणी उभं राहून दिसणारच नाही असा, अनेक कोनांतून एकाच कॅनव्हासवर आणलाय. (ठाणेकरांना तर चालत गेल्यासारखंच वाटेल.) तिथे माणसं लहान होतात आणि शहर मोठं, १९८० नंतरच्या त्यांच्या कामातला हा बदल मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. यावर इथे अजून कुणीच लिहिलेलं नाही.