कॅलिब्रेटर संगणकावरून चालवताना १०० व्होल्टला मीटर शून्य का दाखवतो?

शिरोलीकर:
नमस्कार. शिरोली एमआयडीसीतील आमच्या लॅबमध्ये कारखान्यांचे मल्टिमीटर आणि फौंड्रीच्या भट्ट्यांचे तापमान-कंट्रोलर कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे अचूकता तपासण्यासाठी येतात. फ्लूक ५५२०ए कॅलिब्रेटर (हवे ते अचूक व्होल्टेज देणारे उपकरण) जीपीआयबी, म्हणजे मापन-उपकरणे जोडण्याच्या केबलने संगणकाला जोडून, प्रत्येक बिंदूवर आउटपुट देऊन मीटरचे रीडिंग नोंदवणारा प्रोग्रॅम मी लिहीत आहे. ३० व्होल्टपर्यंत सारे सुरळीत चालते. मात्र त्यानंतर १०० व्होल्टची ‘आउट’ (आउटपुटचे मूल्य ठरवणारी) आज्ञा दिली की मीटर शून्यावरच राहतो. शिवाय रेंज बदलल्यानंतरचे पहिले रीडिंग कधी कधी कमी येते. मध्ये विराम दिल्यास ते सुधारते, पण तो किती असावा हे कशावरून ठरवावे?

उद्यमनगरकर:
शून्य दिसणे हा बिघाड नसून सुरक्षेची सोय आहे. आउटपुट ३३ व्होल्टच्या खालून ३३ किंवा त्याहून वर नेले, की हा कॅलिब्रेटर आपोआप स्टँडबायमध्ये, म्हणजे आउटपुट बंद असलेल्या स्थितीत जातो आणि ते सुरू करणारी ‘ऑपर’ ही आज्ञा पुन्हा दिल्याशिवाय टर्मिनलवर व्होल्टेज येत नाही. ती आज्ञा प्रोग्रॅममध्ये सरसकट घालून मोकळे होऊ नका, अशी माझी आग्रहाची विनंती आहे; आधी पडद्यावर सूचना द्या आणि लीडवर कोणाचा हात नाही याची खात्री झाल्यावर माणसाला बटण दाबू द्या.

विरामाविषयी सांगायचे, तर अंदाजाने सेकंद मोजण्यापेक्षा ‘ऑपर’नंतर ‘*ओपीसी?’ हा प्रश्न पाठवावा. आधीच्या आज्ञा पूर्ण होऊन आउटपुट स्थिरावले, की उत्तरादाखल १ येतो. संगणकाकडील टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत मात्र पुरेसा मोठा ठेवा, नाहीतर उत्तर येण्यापूर्वीच प्रोग्रॅम थांबेल. हे उत्तर केवळ कॅलिब्रेटरपुरते असते. समोरचा मीटर ऑटोरेंजवर (आपोआप रेंज निवडण्यावर) असेल किंवा एसी मोजत असेल, तर त्याला स्थिरावायला लागणारा वेळ वेगळा धरावाच लागतो.

गोकुळ शिरगाववाले:
वरील उत्तराशी सहमत आहे. त्यात कॅलिब्रेटरने नोंदवलेली त्रुटी विचारणाऱ्या ‘एरर?’ या प्रश्नाची भर घालावीशी वाटते, कारण आमच्याकडे सर्वाधिक उपयोग त्याचाच होतो. मर्यादेबाहेरचे मूल्य मागितले, उदाहरणार्थ १०२० व्होल्टहून अधिक, तर आज्ञा नाकारली जाते आणि आधीचेच आउटपुट कायम राहते. प्रोग्रॅमने कॅलिब्रेटरच्या त्रुटींच्या रांगेतील नोंद वाचली नाही, तर जुन्या व्होल्टेजचे रीडिंग नव्या बिंदूसमोर नोंदले जाऊन थेट सर्टिफिकेटवर जाऊ शकते. म्हणून प्रत्येक बिंदूनंतर ‘एरर?’ विचारावे आणि उत्तर शून्य नसेल, तर रीडिंग घेऊच नये. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला तरी ‘स्टँडबाय’ची आज्ञा, म्हणजे ‘एसटीबीवाय’, नक्की जाईल अशी व्यवस्थाही ठेवा.

पुढे कधी जीपीआयबीऐवजी सिरियल पोर्ट वापरलात, तर सुरुवातीला कॅलिब्रेटर संगणकाच्या ताब्यात देणारी ‘रिमोट’ ही आज्ञा स्वतंत्रपणे पाठवावी लागेल.