सहा महिन्यांसाठी बाहेर जायचंय, घोडी सोबत न्यावी का? (मदत हवी आहे)

कामासाठी सहा महिने दुसरीकडे राहायचं आहे, नंतर परत इथेच. प्रश्न माझ्या १९ वर्षांच्या घोडीचा. प्रवास गाडीने साधारण १० तासांचा. तिला पूर्वी पोटशूळ होऊन गेलाय, म्हणून धास्ती जास्त. प्रवासात घोडे पाणी कमी पितात, आणि डोकं वर बांधून फार वेळ उभं राहिलं तर फुप्फुसाला संसर्गही होऊ शकतो.

पशुवैद्यांनी तपासून प्रवासाला हरकत नाही म्हटलंय. वाटेत थांबून डोकं खाली करू द्यायचं, वैरण एकदम न बदलता आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलायची, हे ठरलंय. तिकडे तबेल्यात जागा आहे, पण मोकळं सोडायला कुरण नाही, आणि माझ्या मते हीच मोठी अडचण. इथे तिची जोडीदार घोडी, नेहमीचा नालबंद आहे. सांभाळणारे विश्वासू आहेत, पण तिचं पोट बिघडायला लागलं की आधी मलाच कळतं. येणं महिन्यातून एकदाच जमेल. विकायची नाही.

माझा कल इथेच ठेवण्याकडे आहे. अशा घोडीला थोड्या काळासाठी कुणी हलवलंय का? आणि मागे ठेवली तर मी नसताना उपचाराचा निर्णय कोणी घ्यायचा, यासकट सांभाळणाऱ्यांशी लेखी काय काय ठरवून ठेवावं?