अक्कलदाढ काढून पाच आठवडे झाले, जबडा अजून दुखतोय. मदत हवी आहे

खानापूरहून लिहितेय. खालची डावी अक्कलदाढ आडवी होती, हाड थोडं कापून बेळगावात काढली. टाके निघाले, जखम भरली. नवा एक्स-रे काढला, त्यात डॉक्टरांना काही वावगं दिसलं नाही. ताप, सूज, पू, घाण वास नाही. ओठ-जीभ बधीर नाही.

पण कानापुढे दुखतं आणि तोंड जेमतेम दोन बोटं उघडतं, आधी तीन सहज जायची. सकाळी जास्त आखडलेलं असतं. भाकरी दुधात कुस्करूनच खाते. चावताना कट्ट आवाज येतो, तो पूर्वी नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटते.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, दिवसातून तीनदा गरम शेक आणि पॅरासिटॅमॉल झालं. पोटात अल्सर असल्यामुळे आयब्युप्रोफेन चालत नाही. डॉक्टर म्हणतात, स्नायू आखडलाय, थांबा.

कुणाला इतके दिवस असं झालं होतं का? तोंड उघडायचे व्यायाम दुखत असताना करायचे की दुखणं थांबल्यावर? आणि आता जबड्याच्या सांध्यासाठी ओरल सर्जनकडे जावं की फिजिओथेरपिस्टकडे? रोज बेळगावला जाणं जमणार नाही, म्हणून आधी कुणाला दाखवू?